पाठीवरचा हात

गुरुवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. कुणाला मुद्दाम सांगावी इतकी मोठी नाही. हिला सांगितली तर म्हणाली, "पहाटे चारला उठून गाडी चालवत गेलात, डुलकी लागली असेल." डुलकी लागली नव्हती. म्हणून तर लिहायला बसलोय.

चाकणला आमचा माल घेणाऱ्या कंपनीत थकलेलं पेमेंट मागायला गेलो होतो. भिंतीला लागून स्टीलच्या खुर्च्यांची रांग, मांडीवर फाइल घेऊन बसलेली आमच्यासारखी सात-आठ माणसं. माझं बिल ११२ दिवसांचं झालंय. समोरचा 'गुणवत्ता धोरण' असा फलक मी तिसऱ्यांदा वाचत होतो, म्हणजे चांगला जागा होतो. ऑफिसमधल्या पोरानं मागून येऊन पाठीवर हात ठेवला. "काका, आत बोलावलंय." मी हललो नाही. त्यानं परत हात ठेवला, जरा जोरात. तेव्हा कुठे मी मान वळवली.

पाठीवर हात पडला आणि मी उठलो नाही.

१९९५ ते ९८, तीन वर्षं कॉलेजचा जिमखाना हेच माझं घर होतं. खो-खो, कबड्डी, तिहेरी उडी, शिवाय ४ बाय ४०० रिलेतला तिसरा लॅप. एका मोसमात चार-चार संघांच्या यादीत नाव. पण उडीची धाव कधी सुरू करायची ते माझं मी ठरवायचो. कबड्डीत चढाईला गेलो की मध्यरेषेपलीकडचे ते सेकंद माझेच. खो-खोत उठायची वेळ मात्र दुसऱ्याच्या हातात असते. पाटीत आठजण, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून, पंजे मातीला टेकवून, टाचा उचलून. नववा पळतोय. त्यानं मागून हात लावून 'खो' म्हटलं की मी उठायचं असं ठरवत नव्हतो. पायच उठायचे. 'खो'मधला ओ संपायच्या आत मी चार पावलं पुढे असायचो. बाकी सगळं गेलं, ते समजू शकतो. गुडघ्याचं आज लिहीत नाही. पण हे जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि पूर्ण गेलंय असंही नाही. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या फायनल होत्या. दोन्हीकडे समोर नेपाळ. आपल्या मुली ७८-४० नं जिंकल्या, मुलं ५४-३६ नं, आणि दोन्ही कप्तान महाराष्ट्रातले. मोबाइलवर बघत होतो. मॅटवर खो पडला की इकडे मी खुर्चीतून अर्धा उठत होतो, प्रत्येक वेळी. डोळ्यांत पाणी आलं होतं. मग गुरुवारी काय झालं?

बसायची सवय लागली, असं आधी वाटलं. अण्णांच्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या गाळ्यात एक लेथ होतं. आज शिरोलीत दोन व्हीएमसी, एक सीएनसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, चौदा माणसं. हे सगळं पळून उभं केलं म्हणतो मी लोकांना, पण गेल्या दहा वर्षांतले किती तास अशा खुर्च्यांवर गेले याचा हिशेब मांडवत नाही. आमच्यासारख्या छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा ४५ दिवसांच्या वर उधारी चालू देत नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदत उलटून वर्षअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत तर तो खर्च माल घेणाऱ्या कंपनीला त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरताही येत नाही. सीएनं दोनदा समजावून सांगितलंय. पण व्याज मागणाऱ्यालाच पुढच्या ऑर्डरसाठी परत त्याच खुर्चीत बसायचं असतं. म्हणून मी मागितलं नाही. त्याच बिलावरचा जीएसटी मात्र मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत भरून मोकळा. पगार सातला.

परत येताना खंबाटकी घाट चढत होतो तेव्हा दुसऱ्या वर्षाची आंतरविभागीय फायनल आठवली. समोर सोलापूर. तेव्हा ते शिवाजी विद्यापीठातच होतं, त्यांचं स्वतंत्र विद्यापीठ २००४ चं. शेवटच्या पाळीत मी खो मिळायच्या आधी उठलो. गडी मारला, पंचांनी शिट्टी वाजवली, फाउल. एका गुणानं हरलो. मी इतका जागा होतो की हात पाठीला लागायचीही वाट पाहिली नाही. इतकी वर्षं मी मित्रांना माझ्या उठण्याचा वेग सांगत आलो, ही शिट्टी कधी सांगितली नाही.

त्यानंतर सरांनी आठवडाभर मला नुसतं पाटीत बसवलं. याला एकदाही खो द्यायचा नाही, असं बाकीच्यांना बजावलं होतं. पहिले दोन दिवस राग गिळत बसलो. मग दिसायला लागलं. समोरचा गडी हुलकावणी देताना कुठल्या पायावर वळतो, आपल्या पळणाऱ्याचा दम किती उरलाय, खो माझ्याकडे येणार की पलीकडे. उठायचं नाही हे पक्कं झाल्यावरच मी मैदान बघायला शिकलो.

चाकणला मी मैदान बघत नव्हतो. फलक वाचत होतो. हे कळल्यावर कराडपर्यंत जरा हलकं वाटलं. पाय मेले नाहीत माझे. पण बसलोच आहे तर बघायला तरी हवं होतं. आत कोण जातंय, कोण किती वेळात बाहेर येतंय, शेजारचा कुठल्या गावचा. त्याचं बिल किती दिवसांचं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

रात्री आमच्या वर्कशॉपवर गेलो. दुसरी पाळी संपत आली होती. दोन मशिनींच्या मधल्या जागेत, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटनं जरा ओल्या झालेल्या फरशीवर, मी उकिडवा बसलो. पंजे टेकवले. टाचा उचलून बघितल्या. डावी उचलली.

नवा ऑपरेटर मागून आला. "काही पडलंय का, मालक?"

मला उत्तर देता येईना. त्याला वाटलं एखादं मोजमापाचं गेज पडलं असेल. तोही शोधायला खाली बसला, माझ्या उलट्या दिशेला तोंड करून.