जन्माचे ख्रिस्ती, मग मन केव्हा दिलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न माझ्याकडे दोन तऱ्हांनी येतो. बाहेरचे विचारतात, "तुमचं घराणं बाटलं कधी?" त्याचं उत्तर सोपं आहे. पणजोबांच्या वेळी, नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम जोरात होतं तेव्हा. 'बाटलं' हा शब्द टोचतो, पण विचारणाऱ्यापाशी बहुतेक वेळा दुसरा शब्दच नसतो. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण पोरं मात्र वेगळंच विचारतात. "काका, तुम्ही जन्मापासून ख्रिस्ती. मग साक्ष देताना 'प्रभूला मन दिलं' म्हणता, ते केव्हा?" साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाची गोष्ट चारचौघांत सांगणं.

हे अवघड. माझ्याकडे सांगण्यासारखा दिव्य प्रकाशबिकाश नाही. लहानपणी बाप्तिस्मा झाला, मग दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात त्याच विश्वासाची स्वतः दिलेली कबुली, निम्मी गीतं तोंडपाठ. सगळं कसं वडिलोपार्जित, घरच्या पितळी भांड्यांसारखं.

पंडिता रमाबाईंचं वाचलं तेव्हा जरा धीर आला. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. आणि आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. एवढी शास्त्रं कोळून प्यालेली बाई, आणि हे स्वतःच लिहून ठेवते! पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलीबाळी त्यांनी गोळा करून आणल्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती सदन, निराधार बायामुलींचा आसरा, त्यातूनच उभं राहिलं. आपला एवढा आवाका नाही. माझी गोष्ट एका विहिरीची आहे.

विहीर सामाईक, माझी आणि थोरल्या भावाची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात कांदा वाळायला लागला म्हणून मी दादाच्या पाळीचं पाणी दोन रात्री चोरून माझ्या वाफ्यांत फिरवलं. त्याला कळलं. बोलणं बंद झालं ते सहा वर्षं. रविवारी आम्ही दोघेही देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तो उजवीकडच्या बाकांवर, मी डावीकडे. 'सलाम' सगळ्यांना, एकमेकांना नाही.

आमच्याकडे हंगामाची उपासना मोठी असते. कोणी धान्य आणतं, कोणी कोंबडी, कोणी भोपळा. नंतर आवारात लिलाव होतो आणि वीस रुपयांचा भोपळा हसतखेळत तीनशेला जातो. त्या वर्षी मी कांद्याची गोणी घेऊन गेलो होतो. पाळकसाहेबांनी बायबलातला मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. अर्पण वेदीपुढेच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. हे वचन मी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, पाठ म्हणून बक्षीस मिळवलेलं! पण त्या दिवशी मला समोर फक्त गोणी दिसत होती, आणि ती कोणाच्या पाण्यावर पोसली गेली होती ते.

मन उघडलं म्हणाल तर तेव्हा. तेही सताड नाही, फटीएवढं. कारण दादाच्या दारात जायला मला आणखी दोन महिने लागले. "दादा, पाणी मी चोरलं होतं," एवढंच म्हणालो. तो बराच वेळ गप्प. मग आत हाक मारली, "अगं, चहा टाक." गळाभेट वगैरे काही झाली नाही. आजही आम्ही फार बोलतो असं नाही.

'ख्रिस्ती हेतूने जगायचं म्हणजे काय' असंही पोरं विचारतात. हा शब्द मला जड जातो. मी केलं ते सांगतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. दादाची नजर आता कमी झाली आहे, रात्री बांधावरून जाताना पाय चुकतो. त्याच्या पाळीला रात्रीची लाईट असली की मी दोनला उठतो, बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो आणि पाणी त्याच्या उसात सोडून परत येतो. सकाळी मोटार कोणी चालू केली, ते तो विचारत नाही.