दोन मिनिटांची वाट आणि तीन किलोमीटरचा वळसा

संगमेश्वरच्या पुढे आमच्याकडे मुंबई-गोवा हायवे चौपदरी झाला आणि वाडीचे दोन तुकडे झाले. घरं या बाजूला, शाळा, रेशन दुकान आणि एसटीचा थांबा त्या बाजूला. आधी दोन्हीकडे बघून पलीकडे जायचो, आता मधे डिव्हायडर आणि कट थेट तीन किलोमीटरवर, सर्व्हिस रोड अर्धाच झालाय, पुढे नुसती खडी ओतून ठेवलीय तिच्यावर गवत उगवलंय. मग सगळे राँग साईडने येतात. मी पण यायचो, खोटं कशाला बोलू.

परवा चिपळूणवरून बाईकने येत होतो, सात वाजले असतील, पाऊस भुरभुर चालू, आणि डोंगर कापलाय तिथला लाल चिखल वाहून रस्त्यावर आलेला. वळणावर एकदम समोर स्कूटी. लाईट बंद, पुढे पाच-सहा वर्षांचं पोर हँडलला धरून उभं, त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. ब्रेक मारला तर मागचं चाक सरकलं, कशीबशी गाडी कडेला घेतली. बघतो तर आमच्याच वाडीतले काका. मी ओरडलो तर म्हणाले, "अरे बाळा, दोन मिनिटांच्या वाटेला तीन किलोमीटर कोण फिरनार? पेट्रोल काय भाव झालाय?" ते पोर मात्र माझ्याकडे बघत होतं, तोंडातून शब्द नाही. रात्री मला झोप लागली नाही.

काकांचं चुकलंच. २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात उलट्या दिशेने गाडी चालवणं हे सरळ धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्याच वेळी १ ते ५ हजार दंड, तुरुंगवास पण होऊ शकतो. पण दंड लावून ती वाट बंद होईल असं मला वाटत नाही, कारण शाळा काय या बाजूला येणार नाही. रस्ता आखताना इथली माणसं रोज कुठून कुठे जातात हे कुणीतरी एक दिवस उभं राहून बघायला हवं होतं.

आणि राजकारण्यांचं म्हणाल तर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा मी दहावीत होतो. दर गणपतीच्या आधी पाहणी दौरा, नवीन तारीख, चाकरमानी पुन्हा त्याच खड्ड्यातून गावी. होत नाही असं तर नाही ना! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या, आणि मग नवीन पूल १६५ दिवसांत उभा केला. मनावर घेतलं की होतं. ते मनावर घ्यायला आधी माणसं जावी लागतात याचा मला राग आहे, आणि आमच्या वळणावर तशी वेळ येऊ नये एवढंच मला हवंय.

मी आता वळसा घालूनच येतो. आई म्हणते उशीर होतो, चहा गार होतो, तर होऊ दे. शाळेसमोर माणसांसाठी भुयारी मार्ग आणि सर्व्हिस रोड पुरा करा असा अर्ज लिहून ठेवलाय, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचणार आहे. पहिली सही काकांनी केलीय.