वरिष्ठांचे शिक्षण आणि वर्गातील बसण्याची व्यवस्था

मोठ्या कंपन्यांमध्ये दरवर्षी एक प्रश्न ठरलेल्या काळात चर्चेला येतो. प्लँट हेड, विभागप्रमुख, उपाध्यक्ष यांच्यापैकी कोणाला परदेशातील एक्झिक्युटिव्ह एज्युकेशनसाठी, म्हणजे नोकरीतील वरिष्ठांसाठीच्या अभ्यासक्रमाला, पाठवायचे? पुणे परिसरातील उद्योगांत मनुष्यबळ विकासाचे काम करत असल्यामुळे अशा बैठकांना मी अनेकदा हजर असते. तेथील चर्चा बहुतेक वेळा संस्थेचे नाव, जागतिक क्रमवारी, शुल्क आणि कालावधी यांच्याभोवतीच फिरते. माझ्या मते या सर्वांच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत: वर्गात माणसे कशी बसतात, आणि वर्गातला किती वेळ त्यांच्या स्वतःच्या बोलण्यासाठी राखलेला असतो? ज्याने वीस-पंचवीस वर्षे कारखाना, विक्री किंवा बँकेची शाखा चालवली आहे, त्याच्या शिक्षणाचे सर्वांत मोलाचे साहित्य त्याच्या स्वतःच्या आणि शेजारी बसलेल्याच्या अनुभवात असते. कार्यक्रम ते साहित्य वापरतो की बाजूला ठेवतो, हे त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून कळते.

नोकरीच्या मध्यावर असलेल्या व्यवस्थापकांना पुन्हा वर्गात बसवण्याची प्रथा अमेरिकेत रुजली. बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये १९३१ साली असा अभ्यासक्रम सुरू झाला. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये नोकरी सांभाळून करता येणारे एक्झिक्युटिव्ह एमबीए आणले. हार्वर्ड बिझनेस स्कूलने युद्धकाळात उत्पादन व्यवस्थापनाचे जे वर्ग घेतले होते, त्यांतून १९४५ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅम उभा राहिला. युरोपात फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे १९५७ मध्ये इन्सेआड ही व्यवस्थापन शिक्षणाची संस्था स्थापन झाली, आणि तिच्या स्थापनेमागे हार्वर्डचेच प्राध्यापक जॉर्ज डोरिओ होते. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएमने १९६१ पासून हार्वर्डच्या सहकार्याने पाया घातला, आणि पुण्यात टाटा समूहाचे टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर १९६६ मध्ये सुरू झाले. त्यामुळे आपल्या भागातील व्यवस्थापकांच्या दोन पिढ्या ‘वरिष्ठांचे शिक्षण’ म्हटले की हार्वर्डची केस पद्धतच, म्हणजे एखाद्या कंपनीच्या प्रसंगावर वर्गात चर्चा करून शिकण्याची पद्धत, डोळ्यांसमोर आणतात.

त्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. रतन टाटा १९७५ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड मॅनेजमेंट प्रोग्रॅमला गेले होते आणि तेथील १३ आठवडे आपल्या आयुष्यातील अत्यंत महत्त्वाचे होते, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. टाटा समूहाने २०१० मध्ये त्या संस्थेला पाच कोटी डॉलरची देणगी दिली, आणि तिच्यातून वरिष्ठांच्या कार्यक्रमांसाठी टाटा हॉल ही इमारत उभी राहिली. ज्या माणसाला पुढे एवढा मोठा उद्योगसमूह सांभाळायचा होता, त्याला रोज नव्या कंपनीच्या अडचणीत शिरून निर्णय घ्यायला लावणारी शिस्त उपयोगी पडली असेल, यात शंका नाही.

तरीही केसच्या वर्गाची रचना पाहावी. घोड्याच्या नालेच्या आकारात चढत जाणाऱ्या रांगा, प्रत्येकापुढे नावाची पाटी आणि मध्यभागी प्राध्यापक. आदल्या रात्री सर्वांनी एका कंपनीची कहाणी वाचलेली असते. ती कंपनी बहुतेकांनी कधी पाहिलेली नसते, तेथील कामगारांशी ते कधी बोललेले नसतात, आणि तरी ऐंशी मिनिटांत तिने काय करावे याबद्दल त्यांना ठाम मत मांडायचे असते. तरुण विद्यार्थ्याजवळ स्वतःचा अनुभव नसल्यामुळे त्याला हा उसना अनुभव लागतोच. पण ज्याच्या डोक्यात त्याच क्षणी स्वतःच्या कारखान्यातील वेतनकराराचा तिढा आहे, त्याला दुसऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा तिढा सोडवायला लावण्यात बरेच काही वाया जाते. हार्वर्डहून परतलेली माणसे वर्गाहून अधिक आपल्या ‘लिव्हिंग ग्रुप’बद्दल, म्हणजे एकाच मजल्यावर राहून रात्री एकत्र चर्चा करणाऱ्या आठेक सहाध्यायांबद्दल बोलतात, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही.

व्यवस्थापकाचा स्वतःचा अनुभव हेच शिक्षणाचे साहित्य, या विचाराला पूर्ण कार्यक्रमाचे रूप दिले ते कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी. साठच्या दशकात पीएचडीसाठी त्यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांच्या कामाचे प्रत्येकी एक आठवडा निरीक्षण केले होते, आणि त्यांची निम्म्याहून अधिक कामे नऊ मिनिटांच्या आत संपतात, असे त्यांना आढळले होते. शांतपणे बसून योजना आखणारा व्यवस्थापक पुस्तकातच होता. खरा व्यवस्थापक सतत अडवला जाणारा, फोनवर आणि दारात उभ्या असलेल्या माणसांशी बोलणारा होता. अशा माणसाला आणखी सिद्धान्तांपेक्षा, जे घडून गेले त्याकडे वळून पाहण्याची सवड हवी असते. या जाणिवेतून मिंट्झबर्ग आणि इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाचे जोनाथन गॉसलिंग यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये ‘इंटरनॅशनल मास्टर्स प्रोग्रॅम इन प्रॅक्टिसिंग मॅनेजमेंट’ सुरू केला. मॅकगिल, लँकेस्टर, इन्सेआड, बंगळूरची आयआयएम आणि जपानमधील संस्था त्यात भागीदार होत्या; काळानुसार भागीदारांत बदल झाले. जर्मन विमान कंपनी लुफ्तान्सा, जपानच्या मात्सुशिता आणि फुजित्सू, रॉयल बँक ऑफ कॅनडा यांच्याबरोबर रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय संघटनाही आपली माणसे पाठवू लागली. विमान कंपनीचा अधिकारी आणि छावण्यांमध्ये मदतकार्य चालवणारा अधिकारी एकाच टेबलावर बसतात, हे मला या कार्यक्रमाचे मोठे बळ वाटते.

येथे विपणन, वित्त, उत्पादन अशी विषयांची कपाटे नाहीत. सुरुवातीच्या रचनेत प्रत्येकी सुमारे दोन आठवड्यांची पाच सत्रे पाच ठिकाणी होत आणि प्रत्येक सत्र व्यवस्थापकाच्या मनाच्या एका वळणाला वाहिलेले असे. लँकेस्टरला स्वतःकडे वळून पाहणे, मॉन्ट्रियलला विश्लेषण, बंगळूरला भोवतालच्या जगाचे भान, जपानमध्ये सहकार्य आणि फाँतेनब्लोला प्रत्यक्ष बदल घडवणे, अशी मूळची मांडणी होती. दोन सत्रांच्या मधल्या काळात माणूस आपल्या खुर्चीवर परत जाऊन नेहमीचे काम करतो, आणि तेच काम पुढच्या सत्राचे साहित्य बनते.

वर्गात गोल टेबले असतात आणि सहा-सात जण त्यांच्याभोवती बसतात. वर्गाचा निम्मा वेळ या टेबलांचा, असा नियमच आहे. प्राध्यापकांनी एखादी कल्पना मांडली की चर्चेसाठी गट पाडण्याची आणि खोल्या शोधण्याची धावपळ होत नाही, कारण माणसे आधीच गटात बसलेली असतात. सकाळची सुरुवात मननाने होते. आधी प्रत्येक जण कोऱ्या वहीत एकट्याने लिहितो, मग टेबलावर बोलणे होते आणि शेवटी सगळा वर्ग वर्तुळात बसतो. आणखी एक पद्धत मला विशेष भावते. प्रत्येक टेबलावरील एक जण खुर्ची उलटी फिरवून, सहकाऱ्यांकडे पाठ करून बसतो. त्याने बोलायचे नाही, केवळ ऐकायचे आणि नंतर आपण काय ऐकले ते वर्गाला सांगायचे. ज्याच्या एका वाक्यावर बैठका संपतात, अशा माणसासाठी अर्धा तास गप्प बसून ऐकणे ही मोठीच परीक्षा असते. आपल्याकडील आढावा बैठकांत साहेब बोलू लागले की बाकीच्यांची पेने चालू होतात आणि तोंडे बंद होतात. वरिष्ठांच्या शिक्षणात ऐकण्याचा सराव सर्वांत वर असावा असे मी म्हणते, ते यामुळेच.

बंगळूरच्या सत्राबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. जागतिक कंपन्या सगळीकडे एकच मोजपट्टी लावतात आणि तिला दूरदृष्टी समजतात. या सत्राचा रोख त्याच्या नेमका उलट आहे. दुसऱ्याच्या जगात इतके आत शिरायचे की आपले स्वतःचे जगही परक्याच्या डोळ्यांनी दिसू लागेल, ही त्यामागची भूमिका आहे. जर्मनीत काम करणाऱ्या विमान कंपनीतील एका अमेरिकन व्यवस्थापक महिलेने शहरात पोहोचताच तेथील प्राध्यापकांना विचारले होते की, या रहदारीत माणूस गाडी चालवू तरी कसा शकतो. त्यावर प्रवाहात सामील व्हायचे, एवढेच त्यांनी शांतपणे सांगितले. बाहेरून जो गोंधळ दिसतो त्याला आतून स्वतःची लय असते, हे दहा तक्त्यांतून जेवढे समजले नसते तेवढे त्या उत्तराने समजते.

बंगळूरच्या आयआयएमची वास्तूही या शिक्षणात आपला वाटा उचलते. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी फत्तेपूर सिक्रीच्या प्रेरणेने ती रचली. करड्या दगडाच्या भिंती, लांबच लांब उंच मार्गिका, मधूनच उघडणारी अंगणे आणि पर्गोलांतून, म्हणजे उघड्या जाळीदार छतांतून, झिरपणारे ऊन. वर्गातून बाहेर पडलेला माणूस थेट खोलीकडे जात नाही. वाटेत कोणीतरी भेटतो आणि बोलणे पुढे चालू राहते. वातानुकूलित हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये नेतृत्व शिबिरे भरवणाऱ्यांनी एकदा त्या मार्गिकांतून चालून यावे.

या कार्यक्रमाचा मला सर्वांत आवडणारा भाग मात्र कोणत्याच संस्थेच्या आवारात घडत नाही. दोन सहभागींची जोडी लावतात, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाच्या ठिकाणी जवळपास आठवडाभर जाऊन राहायचे असते. सोबत फिरायचे, बैठकांत मागे बसायचे, लोकांशी बोलायचे आणि शेवटी यजमानाला जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगायचे. सल्लागार कंपनीचा माणूस पैसे घेऊन येतो, आणि त्याला पुढचे कामही हवे असते. हा पाहुणा मात्र स्वतः त्याच ओझ्याखाली असलेला सहकारी असतो आणि नंतर त्यालाही यजमान व्हायचे असते. त्यामुळे त्याच्या प्रश्नांना एक वेगळी धार आणि वेगळी माया असते. तुमच्या केबिनमध्ये लोक उभे राहूनच का बोलतात, असा प्रश्न घरचा माणूस कधी विचारत नाही.

परतल्यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. बदललेला माणूस न बदललेल्या कंपनीत परत येतो आणि सहा महिन्यांत पूर्वीसारखा होतो. मिंट्झबर्ग यांच्या कार्यक्रमात यावर एक उपाय योजला आहे. सहभागी व्यक्ती आपल्या कार्यालयात सहकाऱ्यांचा एक गट बांधते, प्रत्येक सत्रानंतर तेथे जे शिकली ते त्यांच्यापुढे ठेवते आणि त्यांच्यासह एखादा बदल तडीस नेते. आपल्या कंपन्यांत याची जागा एका सादरीकरणाने घेतली आहे. परतलेला अधिकारी पंधरा-वीस स्लाइड दाखवतो, टाळ्या होतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते. त्याच्या हाताखालच्या माणसांना मात्र साहेब कुठे गेले होते आणि का, हेही धड ठाऊक नसते. लाखो रुपये खर्च करणाऱ्या कंपनीने जाण्यापूर्वीच असा गट नेमायला हवा आणि त्या गटाच्या बैठकांसाठी कामाच्या वेळेतून तास मोकळे करून द्यायला हवेत, असा आग्रह मी प्रत्येक बैठकीत धरते. त्याला होकार मिळवणे विमानाच्या तिकिटाला मंजुरी मिळवण्यापेक्षा कठीण जाते.

महाराष्ट्रातील मध्यम उद्योजकांचा विचार करताना मला ही जोड्यांची पद्धत फार आशादायक वाटते, कारण सगळ्या कार्यक्रमात सर्वांत स्वस्त भाग तोच आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा फाउंड्रीमालक आणि साताऱ्याजवळचा दूध प्रक्रिया करणारा उद्योजक, किंवा नाशिकच्या अंबडमधील विद्युत उपकरणे बनवणारा आणि इचलकरंजीतील कापड उद्योजक, यांनी एकमेकांच्या कारखान्यात आठवडाभर जाऊन राहायला फाँतेनब्लोचा व्हिसा लागत नाही. पथ्ये मात्र कडक हवीत. दोघे स्पर्धक नसावेत. एक दुसऱ्याचा ग्राहक किंवा पुरवठादार नसावा, अन्यथा बोलणे दरावर घसरते. नातेसंबंधही नसावेत. पाहुण्याला शॉप फ्लोअरवर एकट्याने फिरण्याची आणि रात्रपाळीत थांबण्याची मुभा असावी. शेवटच्या दिवशी तो बोलेल तेव्हा मालकाने उत्तर न देता ऐकावे, आणि ऐकलेले लिहून घ्यायला शेजारी मालकाची पुढची पिढी बसलेली असावी. जिल्हा औद्योगिक संघटनांपैकी एखादीने पाच-सहा जोड्या लावून याची सुरुवात केली, तर जोड्या निवडण्याचे आणि परतल्यावरचे गट बांधण्याचे काम मी विनामूल्य करायला तयार आहे.