हारुनाचा घाट, दाजी आणि कपभर पाणी

"फुटणार," दाजी म्हणाले. "मोमेन घे, मोमेन."

शिबुकावाच्या एका सुपरमार्केटात टोफूच्या फ्रीजसमोर आमचा वाद चालला होता. मोमेन म्हणजे सुती कापडात दाबून पाणी काढलेला घट्ट टोफू, पनीरसारखा हातात उचलता येतो. किनुगोशी म्हणजे रेशमी, न दाबलेला, चमचा लावला की थरथरणारा. मला किनुगोशीच हवा होता. तो डोंगरावर न्यायचा आणि अख्खा खाली आणायचा, एवढ्यासाठी मी कोल्हापूरहून जपानला आलो होतो म्हणा ना. घरी सांगितलेलं कारण वेगळं होतं: ताईकडे दिवाळीला चाललोय.

ज्यांना हे वेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा मागून सुरुवात करतो. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही डोंगररस्त्यांवरच्या मोटारशर्यतींची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं चालली, तिचे ४८ खंड झाले. तिच्यावरचा अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आला १९९८ मध्ये. नायक ताकुमी फुजिवारा हा टोफूवाल्याचा पोरगा. हायस्कूलच्या आधीपासून, म्हणजे लायसन्सचं वय नसताना, तो रोज पहाटे बापाच्या गाडीतून डोंगरावरच्या तळ्याकाठी एका हॉटेलात टोफू पोचवतो. आपल्याकडे जन्मला असता तर रतीबाचं दूध घालत फिरला असता. बाप, बुन्ता, गाडीत पाण्याने भरलेला कप ठेवतो. पाणी सांडलं म्हणजे मागे टोफूचा चुरा झाला. पोरगा या कामाला इतका विटलेला असतो की आपण घाट उतरतोय तो वेग इतरांना जमत नाही, हे त्याच्या गावीही नसतं. दोस्त 'हाचीरोकु', 'हाचीरोकु' करतात ती गाडी आपल्याच दारात उभी आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं.

हाची म्हणजे आठ, रोकु म्हणजे सहा. टोयोटाची एई८६, १९८३ ते १९८७ मधली. सोळाशे सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन एक टनाच्या आत. ताकुमीची गाडी स्प्रिंटर ट्रुएनो, म्हणजे डोळे मिटणारी, हेडलाइट बॉनेटमधून वर येतात ती. खाली काळा, वर पांढरा रंग, आणि दारावर काळ्या अक्षरांत 'फुजिवारा तोफुतेन (जिकायो)'. फुजिवारा टोफूचं दुकान, कंसात 'खासगी वापरासाठी'. हाच मजकूर मी पुण्यात कर्वे रोडवर एका पांढऱ्या हॅचबॅकच्या दारावर पाहिलाय. चालवणाऱ्याने त्याचा अर्थ कुणाला विचारला होता की नाही, देव जाणे.

हे भाग मी पहिल्यांदा पाहिले ते २००६ साली सांगलीत, हॉस्टेलच्या लॅनवर. कुणी टाकले होते कळलं नाही, पण आठवडाभर कुणी जेवायला वेळेवर गेलं नाही.

जपानला पोचलो त्या शुक्रवारी रात्री दाजींचा एक सहकारी मला योकोहामाच्या दाइकोकु पार्किंगला घेऊन गेला. ही जागा एक्सप्रेसवेवरच आहे. तिथे पायी जाता येत नाही, गाडी असेल तरच जायचं. वरून पुलांचे फेरे फिरतात आणि मध्ये खाली गाड्यांची जत्रा. काळी स्कायलाइन जीटी-आर आर३२ पाहिल्याबरोबर माझ्या तोंडून "नाकाझातो!" निघालं, आणि मालक असा हसला की मीच लाजलो. 'इनिशियल डी'त ही गाडी ताकुमीचा प्रतिस्पर्धी ताकेशी नाकाझातो याची. २६०० सीसी, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा. नाकाझातो आधी सिल्व्हिया चालवायचा. एका जीटी-आरसमोर हरला आणि तीच गाडी घेऊन आला. बेटकुळ्या दाखवत फिरणारा माणूस आणि बेटकुळ्या दाखवणारी गाडी! शिगेनोंची खरी हुशारी मला इथे दिसते. ताकुमीशी भिडणारे ताकाहाशी भाऊही तसेच. दोघं माझदाची आरएक्स-७ चालवतात. ज्याला पिस्टनच नाहीत, तिकोनी रोटर गरागरा फिरतो, ते इंजिन. पण थंड डोक्याने गणित मांडणाऱ्या थोरल्या र्‍योसुकेला जुनी, कोनाकोनांची पांढरी एफसी दिली, आणि तापट धाकट्या केइसुकेला नवी, गुळगुळीत, पिवळीजर्द एफडी. घर एक, इंजिनाची जात एक, स्वभाव दोन.

पलीकडे एक निळी फेअरलेडी झेड होती, एस३० पिढीतली, लांब नाकाची. तिच्याभोवती जरा शांतता होती, किंवा मला तसं वाटलं. 'वांगान मिडनाइट' या मिचिहारु कुसुनोकींच्या मांगात अशीच झेड भंगारात सापडते. आधीच्या मालकाचा तिच्यात जीव गेलेला, आणि त्याचं नाव उच्चारायला नव्या मालकाच्या नावासारखंच. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो, तसा इथे गाडीत. कोपऱ्यात दोन 'इताशा' होत्या, दारं-बॉनेटभर मोठ्या डोळ्यांच्या मुलींची चित्रं चिकटवलेल्या गाड्या. पूर्वी हा शब्द इटलीच्या गाड्यांसाठी होता. आता त्यातल्या 'इता'चा अर्थ 'दुखणारी' असा घेतात. बघवत नाही इतकी भडक, म्हणून डोळ्यांना दुखणारी. मला नाही दुखली. पण पात्राला गाडीवर चिकटवणं वेगळं आणि पात्र गाडीत मुरणं वेगळं, एवढं माझं मत तिथे पक्कं झालं. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली, भोंग्यावरून पार्किंग बंद होत असल्याचं सांगितलं, आणि दहा मिनिटांत जत्रा पांगली. कुणी हुज्जत घातली नाही. याचं मला जास्त नवल वाटलं.

आणि मग रविवारी हारुना.

कथेतला 'आकिना' डोंगर म्हणजे गुन्मा प्रांतातला खराखुरा हारुना. जपानीत अशा डोंगररस्त्याला 'तोगे' म्हणतात. इंग्रजीत याला पास म्हणून समजावताना लोक दमतात. आपल्याला समजावायला लागत नाही. तोगे म्हणजे घाट.

ताई-दाजींच्या टोकियोतल्या निशी-कासाईहून आम्ही भाड्याची केइ कार घेतली. ६६० सीसी, पिवळी नंबरप्लेट, ब्रेडच्या लादीसारखा आकार. "जीटी-आर नव्हती मिळत का?" मी विचारलं. दाजी म्हणाले, "पार्किंगचे पैसे तू देणार काय?" दाजी बारा वर्षं जपानात आहेत. इथल्या लायसन्सच्या चाचणीत दोनदा नापास झाले. दुसऱ्यांदा का, तर वळण्याआधी मान पुरेशी वळवून पाहिलं नाही म्हणून. तेव्हापासून ते मान अशी वळवतात की मागच्या सीटवर बसलेल्याला वाटावं आपल्याशी बोलतायत. माझ्याकडे आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट होतं. जपानात ते चालतं, आणि गाड्याही आपल्यासारख्या डावीकडूनच.

आधी इकाहोच्या वाटेवर योशिओका गावातलं खेळणी, बाहुल्या आणि मोटारींचं संग्रहालय. कथेतलं दुकान शिबुकावातल्या एका खऱ्या टोफूच्या दुकानावरून बेतलं होतं. ते पाडलं गेलं, तेव्हा त्याचा दर्शनी भाग इथे आणून बसवला. समोर पांढरी-काळी हाचीरोकु उभी. मी दोन पावलं मागेच थांबलो. पडद्यावर दैत्यासारखी वाटणारी ही गाडी प्रत्यक्षात किती लहान आहे! छत माझ्या छातीला लागतं. दारं पातळ, टायर बारीक. ताई म्हणाली, "एवढीशीच?" एवढीशीच. उतारावर हेच तर कामाला येतं. चढाला घोडे लागतात. उताराला ओझं आधीच खाली यायला निघालेलं असतं, मग ज्याचं ओझं कमी, त्याला ते आवरणं सोपं. २०२१ मध्ये टोयोटाने या गाडीचे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. आमच्यापैकी एकाकडेही ही गाडी नाही.

इकाहोच्या ३६५ पायऱ्या ताईने चढायला लावल्या. लोखंडी तांबूस गरम पाण्याचं गाव, छान आहे, वर मंदिर आहे, मांजू, म्हणजे गोड सारण भरलेले वाफवलेले गोळे, खाल्ले. माझं लक्ष घड्याळाकडे.

इकाहोपासून वर जाणारा रस्ता प्रांतिक मार्ग क्रमांक ३३. पानं लाल-पिवळी झालेली, रस्ता ओलसर. दाजी चालवत होते. पाच हेअरपिन लागोपाठ येतात तिथे मी मोबाइल काढला आणि पहिल्या वळणाचा फोटो घ्यायला विसरलो, नुसताच बघत बसलो. वळणाआधी रस्त्यावर आडवे उंचवटे आहेत, चाकांखाली खडखडतात. गाड्या घसरवत उतरणाऱ्यांसाठी ते आहेत, आणि ते असण्याचं कारण काय हे ओळखायला पोलीस असावं लागत नाही. वर जागा मिळाली तिथे थांबून मी कडेची सिमेंटची पन्हळ बघायला उतरलो. ताकुमीचा गाजलेला डाव हाच. आतली चाकं या पन्हळीत सोडायची, म्हणजे तिची कड गाडीला बाहेर फेकू देत नाही. मी पन्हळीत पाय घालून पाहिला. आत पानं आणि गोगलगाय. "चाक घालशील तर डिपॉझिट जाईल," दाजी गाडीतून ओरडले.

वर तळं हजारएक मीटरवर. मागे हारुना-फुजीचा नीटस शंकू. तळ्याकाठच्या रस्त्याला एक पट्टा असा आहे की पन्नासच्या आसपास वेगाने गेलं की टायरांखालून सूर निघतात. दाजी पस्तिशीवर होते. सूर रडका निघाला.

उतरताना स्टिअरिंग माझ्याकडे. कोनबिनीतल्या, म्हणजे छोट्या किरकोळ दुकानातल्या, कागदी कपात पाणी, काठापासून बोटभर खाली. टोफू मागे, ताईच्या मांडीवरच्या डब्यात. पहिला हेअरपिन: हळू ब्रेक, पाणी पुढे कलंडलं, काठाला लागलं, परत आलं. मी ताईकडे आरशातून विजयी मुद्रेने पाहिलं. दुसऱ्याला सांडलं. आणि गंमत बघा, ब्रेक लावताना नाही सांडलं, सोडताना सांडलं. पाय पटकन उचलला, दबलेलं नाक वर आलं, आणि पुढे साचलेलं पाणी मागे उसळून थेट माझ्या पॅंटवर. तीस किलोमीटर वेग! करूळ घाटात यापेक्षा दुप्पट वेगाने मी गाडी काढलीय, ताकदीच्या गप्पा मारत. कप कधी ठेवला नव्हता.

पुन्हा वर गेलो. या वेळी दाजी उतरवणार म्हणाले. त्यांनी काहीच केलं नाही. म्हणजे दिसेल असं काहीच केलं नाही. ब्रेक कधी लावला, कधी सोडला, कळलं नाही. मान मात्र प्रत्येक वळणाला डावी-उजवी. पाणी कपाच्या कडेकडेने गोल फिरत राहिलं, अगदी अ‍ॅनिमेत फिरतं तसं, आणि पाचव्या वळणानंतर शांत झालं. थेंब नाही.

"कोण ते तुमचं पोरगं? ताकुमी?" दाजी म्हणाले. "त्याला म्हणावं, दोनदा नापास होऊन ये."

मी ओला बसलो होतो. हॉस्टेलवर आम्ही सगळे स्वतःला ताकुमी समजायचो, एकजण ठरवून र्‍योसुके. इत्सुकी कुणीच नव्हतं. इत्सुकी म्हणजे ताकुमीचा दोस्त, जो साठवलेल्या पैशांतून हौसेने हाचीरोकु आणतो, आणि ती निघते हाचीगो, एई८५. अंग तेच, इंजिन पंधराशेचं, मवाळ. मित्र खदाखदा हसतात. माझ्या जुन्या मारुती ८०० ला मी मागे स्पॉयलर लावला होता, हे इथे पहिल्यांदाच जाहीर करतोय.

रात्री निशी-कासाईला पोचायला नऊ वाजले. ताईने डबा उघडला. किनुगोशीचा एक कोपरा तुटला होता. माझ्या वळणाला, यावर दोघांचं एकमत. बाकीचा अख्खा, बशीत काढला तर थरथरत उभा. दाजींनी त्यावर सोया सॉस आणि आलं घालून खाल्लं. मी आणि ताईने तुटलेला तुकडा कांदा-लसूण चटणीत परतला, वर कोथिंबीर, सोबत चपाती.

"मोमेन घेतला असता तर भुर्जी बरी झाली असती," ताई म्हणाली.