तुम्ही विचारलंत म्हणून: काठीच्या होळीला कधी जावं?

फाल्गुन जवळ आला की हा प्रश्न येतोच: "काठीच्या होळीचे फोटो काढायचेत, दोन दिवसांचा प्लॅन सांगाल का?" माझं उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. पहिल्यांदाच जाणार असाल तर होळीला जाऊ नका, उन्हाळ्यात जा.

काठी हे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यातलं गाव. इथली राजवाडी होळी बघायला लांबून माणसं येतात. रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते. अंगभर पांढरी नक्षी, कमरेला सुकलेले भोपळे नि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप अशा थाटात बुध्या, म्हणजे नवसाचे नाचणारे, नाचतात. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं? पण हा कार्यक्रम नव्हे. ती माणसं नवस फेडायला उभी असतात. आधी काही दिवस पाळणी केलेली असते: खाटेवर निजायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. अशा माणसाच्या गळ्यात हात टाकून सेल्फी घेणारे पाहुणे तिथे हमखास भेटतात, भर अंधारात तोंडावर फ्लॅश मारणारेही. त्या ढोलांच्या गजरात "फोटो काढू का?" असं विचारणार कुणाला, आणि ऐकू कुणाला जाणार?

शिवाय दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कितीतरी कुटुंबं होळीलाच घरी परततात. इतक्या महिन्यांनी भेटणाऱ्या माणसांच्या मध्ये लेन्स घेऊन घुसायला मला तरी जमत नाही.

म्हणून एप्रिल-मे. सातपुड्यातच धडगाव-मोलगीकडे तेव्हा अंगणाअंगणात आमचूर वाळत असतो. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, उन्हात पसरायच्या; अख्खं घर त्यात गुंतलेलं. कॅमेरा पिशवीत ठेवून तुम्हीही सोलायला बसा. पहिला दिवस फोटोविना गेला तर जाऊ द्या. पाच गावं पालथी घालण्यापेक्षा एकाच गावात राहा. आल्याचं पोलीस पाटलांच्या कानावर घाला. घरात भिली किंवा पावरी बोलली जाते, आजीला मराठी येईलच असं नाही. तेव्हा गावातलाच एखादा तरुण सोबत घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा. तो "नको म्हणताहेत" म्हणाला की विषय संपला. लांबची लेन्स लावून तोच फोटो चोरायचा नाही. पोरांना चॉकलेटं वाटू नका, तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकापुढे मग हात पसरले जातात.

द्यायचंच असेल तर फोटोच द्या, कागदावर छापलेला. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला म्हाताऱ्यांपर्यंत पोचत नाही. त्या छापील प्रती घेऊन मग पुढच्या होळीला खुशाल जा. ओळखीचं कुणीतरी हाक मारून बसवेल, कुठे उभं राहिलं तर चालेल तेही सांगेल. मला विचाराल तर हाच खरा प्लॅन. बाकी लॉज आणि गाड्यांची चौकशी कुणीही करून देईल.

फोटोखाली काय लिहिता तेही बघा. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. लोक तिथे डाळ्या, गूळ, साखरेचे हार, होळीच्या पूजेचं सामान घ्यायला येतात. बाहेरच्यांनी मात्र "पळून जाऊन लग्न जमवण्याचा बाजार" अशी त्याची ख्याती करून ठेवली आहे. आदिवासी संघटना त्यावर आक्षेप घेत आल्या आहेत, तरी तीच ओळ पुन्हा पुन्हा छापली जाते. बाजाराला आलेल्या कुणाच्या तरी मुलीचा फोटो त्या ओळीवर छापला जातो, याचा विचार करा.

राहिला प्रवास. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरा, तिथून अक्कलकुवा, पुढे देवगोई घाट चढून मोलगी. घाट उजेडी पार करा. ड्रोनचं विचारलंत, तर तो घरीच ठेवा; अंगणात अंघोळ करणाऱ्या बाईला वरून कोण बघतंय ते कळत नाही.