शिराकावा-गोला जाताय? माळ्यावर चढा

जपानमधल्या ताकायामा शहरातून निघालेली बस पन्नासेक मिनिटांत शिराकावा-गोतल्या ओगिमाची गावाला पोचते. बहुतेक जण तिथून थेट शिरोयामाच्या टेकडीवर जातात, गवती छपरांच्या घरांचा कॅलेंडरवरचा तो फोटो काढतात आणि परतीची बस धरतात. फोटो काढाच, पण हे गाव टिकलं कसं, ते कळायला एखाद्या घराच्या माळ्यावर चढायला हवं.

वादा किंवा कांदा घराण्याचं घर तिकीट काढून आतून बघता येतं. पूर्वी माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे. तिथे गवती छपराची आतली बाजू अगदी हाताशी येते. जाडजूड वासे दोरांनी आणि पिळलेल्या लवचीक फांद्यांनी करकचून बांधलेत. खिळा कुठेच नाही. बर्फाचा भार आला की सांधे जरासे सरकतात, तुटत नाहीत. सगळं धुरानं काळंकुळकुळीत. खालच्या इरोरीचा, म्हणजे जमिनीतल्या चुलीचा, धूर गवताला कीड लागू देत नाही. म्हणजे घर राखायचं तर त्यात कुणीतरी राहायला हवं, नुसतं कुलूप लावून भागत नाही.

छप्पर तीस-चाळीस वर्षांनी बदलतात. एका माणसाच्या हयातीत आपल्या घराचं शाकारणं फार तर दोनदा व्हायचं. मग पुढची पिढी शिकणार कधी? इथे ‘युई’, म्हणजे एकमेकांच्या कामाला जायची रीत, कामी आली. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच: आज तुझं छप्पर, पुढे माझं. त्यामुळे पोरं कुणा ना कुणाच्या छपरावर चढत राहिली. आता बरंचसं काम कसबी कारागीर करतात आणि सरकारी अनुदानही मिळतं. पण गावकऱ्यांनी १९७१ मध्येच आपसात ठरवलं होतं: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण १९७६ चं, युनेस्कोची मोहोर १९९५ ची. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

जमल्यास एक रात्र गावातल्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागी, राहा. दिवसाची गर्दी ओसरली की गाव वेगळंच दिसतं. खोल्या मोजक्या, त्यामुळे बुकिंग बरंच आधी करा. जेवण ठरल्या वेळी, तेही लवकर असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच विचारा, कारण साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. मोठी बॅग ताकायामालाच ठेवा, रोख येन जवळ बाळगा, कचरा परत घेऊन या. बसची जागा राखून ठेवलेली बरी. हिवाळ्यात न घसरणारे बूट हवेतच. हिवाळ्यात काही संध्याकाळी गावात रोषणाई करतात, तेव्हा आधी आरक्षण केल्याशिवाय जाता येत नाही.

आगीची धास्ती मोठी. ठरवलेल्या जागा सोडून सिगारेट ओढू नका. भातखाचरांत किंवा कुणाच्या अंगणात फोटोसाठी शिरू नका, ती राहती घरं आहेत.

गर्दीचा कंटाळा असेल तर शेजारच्या गोकायामा भागातल्या आइनोकुरा किंवा सुगानुमा गावाला जा. वारसा यादीत तीही आहेत, आकारानं लहान आणि बरीच शांत. मात्र तिकडे बस कमी, त्यामुळे परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा.