जाणणे हीच प्रगती असलेले गेम्स

गेले काही आठवडे माझे बहुतेक लेखन एकाच प्रकारच्या गेम्सभोवती फिरते आहे. त्यांत पात्राची ताकद वाढत नाही, नवी शस्त्रे मिळत नाहीत. वाढते ते फक्त खेळणाऱ्याचे ज्ञान. त्यांच्यावरचा दीर्घ लेख काल रात्री संपादकांकडे पाठवला, आणि त्यात न मावलेले आज येथे नोंदवते आहे.

लुकास पोप यांच्या २०१८ सालच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’कडे मी या निमित्ताने पुन्हा वळले. काळ १८०७चा. बेपत्ता झालेले जहाज परत येते, आणि त्यावरच्या ६० जणांचे काय झाले हे ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाने शोधून काढायचे असते. निरीक्षकाजवळचे जादुई घड्याळ मृतदेहापाशी उघडले की आधी अंधारात नुसते आवाज येतात, मग मृत्यूचा क्षण जागच्या जागी थिजून समोर उभा राहतो. त्या क्षणात फिरून कोणाच्या अंगावर कोणता पोशाख आहे, कोण कोणाच्या शेजारी उभा आहे, कोणाच्या बोलण्याला कोणत्या मुलखाची ढब आहे, हे टिपून ठेवायचे. आपले निष्कर्ष बरोबर आहेत की नाहीत हे मात्र गेम लगेच सांगत नाही. तीन जणांची ओळख आणि गत अचूक नोंदवली गेली, तरच तो त्यांवर शिक्कामोर्तब करतो. एकेका नावाची शहानिशा लगेच झाली असती, तर यादीतली नावे ओळीने घालून पाहत कोणीही पुढे सरकला असता. तिघांच्या अटीमुळे एखाद्या नावाबाबत तर्क लढवता येतो, पण त्यासाठी इतर दोघांविषयी पुरेशी खात्री असावी लागते. तर्काला वाव देऊन अंदाजपंचे खेळण्याला आळा घालणारा इतका साधा नियम मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे.

मोबियस डिजिटलच्या २०१९ सालच्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सारे पूर्ववत होते, टिकते ती खेळणाऱ्याच्या अंतराळयानातली नोंदवही. शेवट गाठण्यासाठी लागणारी साधने जवळपास आरंभापासूनच हाताशी असतात. ती कुठे आणि कशी वापरायची, एवढेच ठाऊक नसते.

अशा गेमचे परीक्षण लिहिणे कठीण असते. एक वाक्य जास्त झाले तर वाचकाच्या वाट्याचा शोध आपण हिरावून घेतो. म्हणून अनेक समीक्षक ‘काहीही न वाचता खेळा’ असे सांगून थांबतात, आणि ते मला पटत नाही. उत्तर उघड न करताही गेम आपल्याला कशाकडे आणि कसे पाहायला शिकवतो हे सांगता येते, आणि समीक्षकाचे खरे काम तिथेच आहे असे मी मानते.

सध्या संध्याकाळी ‘ब्लू प्रिन्स’ चालू आहे. २०२५ साली आलेल्या या गेममध्ये दार उघडताना तीन खोल्यांपैकी एक निवडून वाड्याचा आराखडा स्वतःच मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोरा. गेमचे ध्येय असलेल्या ४६व्या खोलीचा शोध मला गुंगवून टाकतो. तरीही कोड्याची उकल झाल्यावर केवळ हवी ती खोली हाती येत नाही म्हणून दिवस वाया जातो, तेव्हा जाणण्याला मिळालेले मोल नशिबाने कमी होते, हा माझा आक्षेप कायम आहे.

पुढच्या लेखासाठी सॅम बार्लो यांचा २०१५ सालचा ‘हर स्टोरी’ पुन्हा काढला आहे. एका बाईच्या पोलीस जबाबांच्या चित्रफिती शब्द टाइप करून शोधायच्या, पण एका शब्दाला कितीही फिती जुळल्या तरी कालक्रमाने पहिल्या पाचच पाहायला मिळतात. नेहमीच्या शब्दांनी त्यामुळे आरंभीचेच जबाब पुन्हा पुन्हा येतात. उशिराचे ऐकायचे तर ती बाई तेव्हाच उच्चारील असा विरळा शब्द ताडावा लागतो. ओब्रा डिनमधला तीनचा नियम आणि हा पाचचा नियम शेजारी ठेवून पाहायचे आहेत, आणि त्याची टिपणे आजपासून सुरू केली आहेत.